गोठ्यातली गाडी

आमची गाडी गोठ्यात उभी असते. हे ऐकून पाहुणे हसतात, आणि हसणाऱ्या पाहुण्यांचा चहा मी हटकून पातळ करते. बैल विकल्यावर गोठा रिकामा पडला होता. वर पत्रे, तीन बाजूंनी भिंत, खाली कोरडी जमीन. गावात गाडीला यापेक्षा चांगली जागा कोण देणार होतं?

गाडी सेकंडहँड, गोंदिया पासिंगची. गोंदिया आमच्या जिल्ह्यातून फुटून निघाला तेव्हा मी शाळेत होते, पण त्या बाजूची माणसं आपली चांगली वस्तू आपल्याला विकतील यावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता. आधीच्या मालकानं हौसेनं जाळीदार चाकं बसवली होती. चाकाच्या मोठमोठ्या फटींतून आतली ब्रेकची डिस्क दिसायची, घासून घासून चकचकीत झालेली. अशी हौस करणारा माणूस गाडी विकतो कशाला, हा प्रश्न मला अजून पडतो.

गाडी घ्यायचं कारण माझी सासू, देवकाबाई; मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांच्या किडन्या गेल्या आणि मंगळवार-शुक्रवार भंडाऱ्याला डायलिसिस सुरू झालं. आमचं गाव पवनी रोडवर, कारध्याच्या अलीकडे. एसटीनं जायचं म्हणजे आत्याबाई जाताना धडधाकट असायच्या आणि येताना दांडीला धरून ओकायच्या. नवरा रायपूरला कारखान्यात. दीर कमलेश घरी असतो, पण त्याच्या हातात शेती आणि तोंडात तंबाखूचा खर्रा. मग मीच भंडाऱ्याला क्लास लावून लायसन काढलं. सासऱ्यांनी, सुखराम मामाजींनी, बैलजोडी विकून गाडीला हातभार लावला. कमलेशला तेव्हा ट्रॅक्टर हवा होता. तो चार दिवस कोणाशी बोलला नाही, आणि हे मी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिलं.

माझा स्वभाव संशयी आहे असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मी म्हणते, मी फक्त बघते. गाडीचं सामान बदललं की मेकॅनिक जुनंच पुसून परत बसवतात, हे मी कोणाकडून तरी ऐकलं होतं. तेव्हापासून पर्समध्ये लाल नेलपॉलिशची बाटली असते. नवीन वस्तू गाडीत जाण्याआधी मी तिला लपलेल्या जागी ठिपका लावते. कारध्याच्या गॅरेजवाल्या अंकुशला हे माहीत आहे. तो कमलेशचा शाळेतला दोस्त, मुकाट्यानं काम करणारा. मी बाटली काढली की तो वस्तू माझ्यापुढे धरतो आणि दुसरीकडे बघतो. त्याचं ते दुसरीकडे बघणंही मला संशयास्पदच वाटायचं.

पण गाडी मी नीट ठेवते. रविवारी इंजिन गार असताना ऑइलची पट्टी ओढून बघायची, कूलंट बघायचं, ब्रेक ऑइल दोन रेघांच्या मध्ये आहे की नाही ते बघायचं, चाकांत हवा, वायपरचं रबर. पावसाळ्याच्या तोंडावर मी अंकुशकडून पुढच्या चाकांचे ब्रेक पॅडही नवीन टाकून घेतले, ठिपक्यासकट. मी बोनेट उघडलं की मामाजी गोठ्याच्या खांबाला टेकून उभे राहायचे. काही विचारायचे नाहीत. एकदा फक्त पुढच्या चाकाजवळ बसून फटीतून आत बघत म्हणाले की इथं लयच घासलं आहे. मी सांगितलं, तिथंच सगळा जोर येतो, मामाजी, गाडी तिथंच सांभाळली जाते. ते बराच वेळ तिथं बसून राहिले.

पोळा त्या वर्षी शुक्रवारी आला.

सकाळी आत्याबाईंना मागं बसवून मी निघाले. गल्लीत ब्रेक जरा कमी लागला, पण रात्रभर पाऊस होता आणि ओल्या चाकांना पहिल्या एक-दोन ब्रेकला तसं होतं. मी सोडून दिलं. गावाबाहेर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या की तुपाचा काय वास सुटला आहे, कोणाघरी पोळ्या चालल्या असतील. सण होता. वास मलाही आला आणि मलाही तेच वाटलं.

कारध्याच्या उतारावर पुढं बैल चालले होते. नदीवर धुवायला निघालेली जोडी, बाजूला ओळखीचे पुंडलिकराव कासरा धरून, पुढं त्यांची सून. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल दगडासारखं कडक होतं, म्हणजे ब्रेक लागला होता, पण गाडी थांबत नव्हती. तशीच घसरत चालली होती. मी आणखी जोर दिला. काही नाही. बैलांची पाठ काचेत मोठी मोठी होत गेली. मग क्लासच्या सरांनी घोकून घेतलेलं हातानं केलं, डोक्यानं नाही. गिअर खाली, आणखी खाली, हँडब्रेक थोडा थोडा वर. मागची चाकं धरली. गाडी बैलाच्या शेपटीजवळ जाऊन उभी राहिली आणि आत्याबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं.

पुंडलिकराव काय काय बोलले ते मी लिहीत नाही. सण असून बोलले.

आत्याबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्यांना ऑटोत बसवून पुढं पाठवलं, संगं पुंडलिकरावांची सून गेली. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकच्या भरवशावर, अंकुशच्या गॅरेजपर्यंत नेली. आणि तिथं माझं तोंड सुटलं. पावसाळ्याच्या तोंडावर टाकलेले पॅड असे कसे जातात, कोणता माल टाकला, माणूस बसतो या गाडीत की पोतं. सणाची गर्दी होती. पानठेल्यावरची माणसं येऊन उभी राहिली. अंकुश चाक खोलत होता. माझे लाल ठिपके पॅडवर जसेच्या तसे होते, पण ते मी तेव्हा बघूनही बघितले नाहीत.

त्यानं पॅड हातात घेऊन बोट फिरवलं, वास घेतला.

"वहिनी, याले कोणीतरी तेल लावलं हाये," तो म्हणाला. "घरी इचारून पाहा."

स्वतःची चूक झाकायला माझ्या घरावर बोट. मी सगळ्यांसमोर सांगितलं की यापुढे या गॅरेजची पायरी चढणार नाही, आणि ज्यांना जीव प्यारा आहे त्यांनीही चढू नये. ऐकणाऱ्यांत पवनीचा एक जीपवाला होता. तो आपली जीप न दाखवताच निघून गेला. अंकुश पुन्हा चाकाशी बसला. डिस्क पेट्रोलनं धुतली, दुसरे नवीन पॅड काढले आणि बसवण्याआधी माझ्यापुढे धरले. मी ठिपके लावले. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

घरी ही हकिगत मी जेवताना सांगितली. कमलेश म्हणाला, अंकुश असं करणार नाही. मामाजींनी एवढंच विचारलं की दुखणं पुढच्या चाकाचंच आहे का. मी म्हटलं, हो, पुढच्याच चाकाचं. त्यांनी हात धुतला आणि अर्ध्या ताटावरून उठले.

मंगळवारी मी शहाणी झाले होते. आत्याबाईंना बसवण्याआधी गाडी अंगणात थोडी पळवून ब्रेक दाबून बघितला. गाडी तुळशीपर्यंत घसरली. खाली उतरून मी चाकाच्या फटीत टॉर्च मारला. ठिपका जागेवर होता. डिस्कवर ओलसर चकाकी होती आणि फटीत हिरव्या पानाचा एक तुकडा अडकला होता. पावसाळ्यात चाकाला पानं अडकतातच, म्हणून तो मी काढून फेकला.

त्या दिवशी आत्याबाई एसटीनं गेल्या. परत आल्यावर खाटेवर पडल्या आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या की आता बस. ना त्या बसमध्ये बसायचं ना त्या गाडीत. शुक्रवारी मी येत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं की एक पाळी चुकली तरी पाणी छातीत चढतं. मी आत्याबाईंना ते पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी राग आला.

ठिपका जागेवर म्हणजे अंकुशनं पॅड बदलले नव्हते. म्हणजे तेल खरंच होतं. म्हणजे लावणारा घरातला. मग कोण? ट्रॅक्टर कोणाला हवा होता? गाडी बिघडली की विकू या असं कोण म्हणालं असतं? मंगळवारी संध्याकाळी कमलेशनं खरंच विषय काढला की ही गाडी काही नशिबात नाही, विकून टाकू. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. इतका सरळ चेहरा मी आजवर चोराशिवाय कोणाचा बघितला नव्हता.

बुधवारी कमलेशनंच अंकुशला घरी बोलावलं. अंकुशनं चाकं काढली, डिस्क धुतल्या, पॅड घासून पुन्हा लावले. त्याला मी चहा विचारला. नको म्हणाला. जाताना कमलेशशी दोन शब्द बोलला आणि कमलेशनं मान हलवली. ते दोन शब्द काय होते हे मला आजही कोणी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी मी धानाचा कोंडा आणून गाडीभोवती बारीक पसरला. गोठ्यात कोंडा सांडलेला असणं कोणाला खटकणार नव्हतं. गुरुवारी सकाळी त्यात पावलं उमटली होती, पुढच्या एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. अनवाणी पावलं. कमलेश झोपेतून उठतो तोच चपलेत पाय घालून. तर मी काय समजले? की कमलेशनं ओळख पटू नये म्हणून चपला काढल्या. माणसाचा संशय एकदा वाटेला लागला की समोरचा खांबही त्याला वाट दाखवतो.

शुक्रवारी पहाटे कोंबडं आरवलं तेव्हा मी गोठ्यात धानाच्या तणसाच्या ढिगामागं बसले होते. हातात मोबाइल होता, कमलेशचा फोटो काढायला. नवऱ्याला रायपूरला पाठवायचा आणि एकदाचा निकाल लावायचा, असं ठरवलं होतं.

पण आले मामाजी.

अनवाणी. एका हातात काशाची वाटी, दुसऱ्या हातात पळसाची पानं. वाटीतून वाफ येत होती. त्यांनी गाडीच्या बोनेटवर हात फिरवला, जसा बैलाच्या कपाळावर फिरवायचे तसा, आणि पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. पान वाटीत बुडवलं, चाकाच्या फटीतून हात आत घातला आणि डिस्कवर हळूहळू चोळायला लागले. हळदीचा आणि गरम तुपाचा वास गोठाभर झाला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा सोललेला असतो, त्याला पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हे बघत आले होते. याच गोठ्यात, याच वाटीतून.

"लय घासलं गा तुह्यं खांद," ते गाडीला सांगत होते. "दुखते, मले समजते. देवकाले नेतं, आणतं. तुह्याशिवाय कोण हाये तिले? आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

माझ्या हातात मोबाइल होता आणि राग कुठं ठेवायचा ते समजत नव्हतं. बाहेर येऊन ओरडावं तर ओरडायचं काय? मी उठले तसं तणस वाजलं. मामाजी दचकले नाहीत. मला बघून जरा लाजले, एवढंच.

मी मनाशी ठरवून टाकलं की यांना खरं सांगायचं नाही. आपल्या हातून बायको मरायची ती थोडक्यात वाचली, हे ऐकून हा म्हातारा उभा राहायचा नाही, याची मला खात्री होती. मी त्यांच्याजवळ बसले आणि गोड आवाजात, जो मला नीट जमत नाही, सांगितलं की मामाजी, गाडीचा खांदा इथं नसतो. दाराच्या बिजागरीत असतो. तूप तिथं लावत जा, इथं राहू द्या.

त्यांनी हात बाहेर काढला. बोटांवरचं तूप बघितलं, डिस्क बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी गाडी बैलाईवर गेली," ते म्हणाले, "ते याच्यानं?"

मी नाही म्हटलं.

"खोटं नको बोलू, पोरी. तुपाच्या खांद्यावर जू ठरत नाई. म्हणून त शेकल्यावर पोळ्याच्या दिवशी बैलाले जुंपत नाई. माह्या ध्यानातच नाई आलं. म्या खांद शेकलं आन तू दुसऱ्या दिवशी जुंपलं."

ते उठले. पळसाचं पान वाटीत ठेवलं, वाटी गव्हाणीवर ठेवली, आणि हात पुसायला काही सापडेना तसे धोतरालाच पुसले. मी त्यांचा दंड धरायला गेले तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि काठी शोधायला लागले.

कुठं जाता विचारलं तर म्हणाले, अंकुशकडं. मी म्हटलं, मी फोन करते. मी सांगते त्याला, काहीतरी सांगते. ते म्हणाले, तू जे सांगितलं ते चार माणसांत सांगितलं, मग हेही चार माणसांतच सांगावं लागते. उजाडायच्या आत ते रस्त्याला लागले होते. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिले. इतके दिवस मी घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला होता, पण या माणसाला खरं पेलणार नाही, हा संशय सगळ्यांत वाईट होता.

ते परत आले ते अंकुशच्या मोटरसायकलवर मागं बसून. गॅरेजवर काय बोलले, कोणाकोणासमोर बोलले, मला कोणी सांगितलं नाही आणि विचारायचं तोंड मला नव्हतं. अंकुशनं चाकं उतरवली. या वेळी पॅड घासून भागणार नव्हतं, तूप आत मुरलं होतं. त्यानं नवीन जोडी काढली आणि नेहमीसारखी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, नको आता ठिपका. राहू द्या. आणि मग जे म्हणायचं होतं ते म्हटलं, की मी चुकले, भाऊ.

"खूण करून घ्या, वहिनी," तो म्हणाला. "खूण होती म्हणून मी सुटलो."

मी बाटली काढली. ब्रश जरा जास्तच बुडाला, त्यामुळे ठिपका मोठाच पडला. अंकुश त्या वेळी दुसरीकडे बघत नव्हता. काम झाल्यावर त्यानं चहा घेतला, कपात काही उरू न देता. कमलेशनं त्याला फाटकापर्यंत सोडलं. दीर परत आला तेव्हा मी त्याच्या ताटात अंडं वाढलं.

आत्याबाई अजून खाटेवर भिंतीकडे तोंड करून होत्या. मी जाऊन काय सांगावं या विचारात असताना मामाजी आत गेले. दार लोटलेलं होतं. आतून त्यांचाच आवाज येत होता, हळू, एकसारखा. शेवटी दार उघडलं आणि आत्याबाई लुगडं सावरत बाहेर आल्या, टेंगळावर कुंकू जरा तिरपं लागलेलं. मामाजी त्यांच्या मागं, खांद्यावर नवीन उपरणं टाकून. गाडी घेतल्यापासून ते तिच्यात कधी बसले नव्हते. बैलाच्या पाठीवर धनी बसत नाही, असं म्हणायचे. त्या दिवशी ते आत्याबाईंशेजारी मागच्या सीटवर बसले.

मी अंगणात ब्रेक दाबून बघितला. गाडी जागच्या जागी थांबली. गल्लीच्या तोंडाशी पुन्हा दाबला, गावाबाहेर पुन्हा. कारध्याच्या उतारावर रस्ता मोकळा होता, तरी मी अर्ध्यातच गाडी थांबवली. मामाजींनी खिडकीतून पुढच्या चाकाकडे वाकून बघितलं आणि चाल, म्हणाले.

नदी दिसायला लागल्यावर आत्याबाई बोलल्या.

"त्या दिवशी तुपाचा वास लय आला होता. मले वाटलं, कोनाच्या घरच्या पोळ्या हायेत."

"आपल्याच घरचा होता तो," मामाजी म्हणाले.

आरशात मला आत्याबाईंचा हात दिसला. तो मामाजींच्या हातावर होता, त्या हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटांवर. मी नजर रस्त्यावर आणली आणि गाडी पुलावर घेतली.